पर्वती जागृत नाही

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतले ढवळेकाका कोणत्याही काळ्या दगडावर बसण्याआधी तो हाताने चाचपून बघतात. "निवलाय," असं स्वतःलाच सांगतात आणि मग टेकतात. दगड निवून कोट्यवधी वर्षं झाली, हे त्यांच्याइतकं पुण्यात कोणाला ठाऊक असेल? जन्मभर कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी म्हणून मी सापडलो.

रोज सकाळी आम्ही पर्वती चढतो. म्हणजे मी चढतो, काका शिकवतात. "पर्वती म्हणजे चिरोटा. लाव्ह्याचा एक पदर, त्यावर दुसरा." भोकं पडलेला दगड दिसला की तो अनरसा. उपाशीपोटी हे ऐकताना माझे काय हाल होतात ते मलाच माहीत. पहिल्या पायरीला कोणी नमस्कार केला की काका पुटपुटणार, "कढत होती तेव्हा हात लावायचा होता." देऊळ पेशव्यांच्या काळातलं, असं मी एकदा अभिमानाने म्हणालो. "पेशवे काल आले हो," काका म्हणाले.

मागच्या महिन्यात देवळाबाहेर एका बाईंनी त्यांना विचारलं, "भाऊ, हे जागृत आहे न?" बाई नागपूरकडच्या, पुण्यात नवीन. त्या देवस्थानाबद्दल विचारत होत्या. काकांच्या लेखी जागृत असतो तो फक्त ज्वालामुखी.

"छे, मृत," काका म्हणाले. "केव्हाच. आता इथे काही होणं नाही."

बाई मटकन खालीच बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचं हृदयाचं ऑपरेशन होतं आणि त्या नवस बोलायला आल्या होत्या.

मी काकांना बाजूला घेऊन घोटाळा सांगितला. चूक कबूल करणं ही पुण्यात फारशी रुळलेली पद्धत नाही. पण काकांनी चपला काढल्या. "अहो ताई, मी डोंगराचं बोलत होतो. देवाचं खातं वेगळं. चला, मी येतो बरोबर." ज्यांनी आजवर देवळाचा फक्त दगड पाहिला, ते हात जोडून उभे राहिले. "मोठ्याने बोला नवस, मी साक्षीदार आहे." निघताना बाईंना स्वतःचा नंबर दिला. "त्याला बोलता आलं की कळवा. वेळबिळ बघू नका."

त्यानंतर काकांना एकही चिरोटा सुचेना. फोन हातात धरून मुकाट चढायचे. माझ्या कानांना सुट्टी होती, पण चैन पडत नव्हतं.

शेवटी एका सकाळी निम्म्या वाटेत फोन वाजला. बाईंचा मुलगाच बोलत होता. कोणाला वाक्य पुरं करू न देणारे काका नुसते ऐकत राहिले. मग म्हणाले, "काही खाल्लंस का?"

काकांनी लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांचे दगड. हा प्रश्न त्यांना आजवर कोणाला विचारायलाच मिळाला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"पेज आवडत नाही म्हणून कसं चालेल?" काका फोनवर रागावत होते. "थोडी तरी घे. मी थांबतो."