निंबाअप्पांचा तुळशीतला वाळा

आमच्या गोडादऱ्याच्या गल्लीत कुणाच्या मोरीत गांडुळासारखं काही वळवळलं, की लोक चप्पल उचलायच्या आत निंबाअप्पांना हाक मारतात. आमच्या शेजारचे हे अप्पा लेंगा सावरत येतात, ते काळसर बोटभर प्रकरण तळहातावर घेतात आणि ठणकावतात, "गांडोळ नही, वाळा शे. साप शे साप!"

साप म्हटल्यावर लोक पळतात. मग अप्पा चिडतात. "तिले दिसत नही, तुमले त दिसस ना? चावत नही ती. मातीमां ऱ्हास, मुंग्यास्ना अंडा खास." नातीच्या मोबाइलवर मिळालेलं ताजं ज्ञानही जोडतात, "यास्मां नर नहीच. सम्द्या बायाच!"

"म्हणूनच सुखात आहेत," आमची ही पुटपुटते.

सापडलेला प्रत्येक वाळा अप्पा आपल्या ओट्यावरच्या तुळशीच्या कुंडीत सोडतात. "आमनीच शे, भटकी जास." त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्या तेव्हापासूनचं हे खूळ. जन्मभर लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात राबलेल्या माणसाला सापाचा असा लळा का लागावा, मला काही केल्या उलगडत नव्हतं.

यंदा अप्पांच्या मुलाने ओट्यावर लादी बसवायला काढली. गुजराती मिस्त्रीने कुंडीला हात घातला, "काका, आ माटी खाडीमां नाखी दउं?" अप्पांनी कुंडीला मिठीच मारली. मुलगा वैतागला, "मग आजच्या आज हलवा ती!"

थोड्या वेळाने अप्पा माझ्या दारात. "भाऊ, उधन्याले चाल. माले भुसावळनी गाडीमां बसाडी दे." काखेत कुंडी, तिला काकूंचं जुनं लुगडं गुंडाळलेलं, वर हळदकुंकू. मी चक्रावलोच.

"आणि हिला कुठे नेताय?"

"तिना माहेरले. आखाजी उनी ना."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशातल्या लेकी माहेरी जातात, झोके खेळतात, हे मला ठाऊक होतं. पण कुंडी?

"हाई माती तुन्ही काकूनी माहेरथीन आणेल. वाळाबी तिन्हामांच उना," अप्पा हळूच म्हणाले. "माले खातामां सुट्टी भेटे नही, पोचाडाले कोन्ही नही. तिले आखाजीले एकदाबी धाडता उनं नही."

मी त्यांना घेऊन उधना स्टेशन गाठलं. गाडीत खिडकीची जागा मिळाली. ती अप्पांनी कुंडीला दिली आणि स्वतः कडेला अंग चोरून बसले. मी खुळ्यासारखा विचारून गेलो, "अप्पा, वाळ्याला तर दिसत नाही. खिडकी कशाला?"

अप्पांनी काच वर सारली, कुंडीवरचा पदर जरासा बाजूला केला.

"वास त येस ना गावना," ते म्हणाले.