आमच्या घरानं सोडलेली इच्छा

ज्या साली पाऊस आलाच नाही, त्या साली आमच्या गावानं मनातून इच्छा काढून टाकण्याचं काम हाती घेतलं. सज्जनांची संगत धरावी, म्हणून महादेवाच्या देवळात सत्संग मंडळ निघालं. प्रवेशाची अट एकच. काशीला जाऊन आलेली माणसं आवडीची एखादी भाजी सोडतात ना, तशी प्रत्येकानं आपली एक इच्छा सोडायची.

सहादेवकाकांनी सीताफळ सोडलं. राधाकृष्ण पाटलांनी विहिरीतलं पोहणं सोडलं. त्या साली झाडांना सीताफळं धरलीच नव्हती आणि विहिरीत बेडूकसुद्धा उरला नव्हता. पण त्याग तो त्याग.

मंडळ चालवणारे गोरक्षनाथ महाराज मात्र भडकले. "असलं फुकटचं न्हाई चालायचं! सोडल्यावर घरात कुनाच्या तरी डोळ्याला पानी आलं पायजे, ती खरी इच्छा!"

'घरात कुनाच्या तरी' हे शब्द मंडळानं काळजीपूर्वक ऐकले.

माझे वडील सूर्यभानदादा घरी आले आणि एकेकाला निरखू लागले. मी यंदा सोनईच्या शाळेतून मॅट्रिकला बसणार होते. गावातली पहिलीच मुलगी! त्यापुढे मला दुष्काळसुद्धा दिसत नव्हता. दादांची नजर माझ्यावर थांबली.

"आपल्या घरानं तुजी शाळा सोडली."

मी भोकाड पसरलं. दादांनी माझे डोळे तपासले आणि समाधानानं मान हलवली.

मंडळानं दादांना हार घातला. मग काय, चढाओढच लागली. सहादेवकाकांनी आपल्या बायकोचं, झुंबरकाकूचं माहेर सोडलं, पाटलांनी म्हाताऱ्या आईची तपकीर. देवळाची पायरीही न चढता गावातल्या बायका भराभर निरिच्छ झाल्या. आणि गावातला सर्वांत निरिच्छ पुरुष म्हणून दादांचं नाव अध्यक्षपदासाठी पुढं आलं. दादांनी त्यासाठी नवा फेटा आणला.

निवडीच्या दिवशी मी देवळात शिरले.

"मलाबी मंडळात घ्या."

महाराज हसले. "तू गं काय सोडनार, पोरी?"

"आमच्या घरातर्फे दादांचं अध्यक्षपद."

दादा ताडकन उठले. "ही कोन सोडनारी? इच्छा माजी हाय!"

महाराजांनी दादांच्या डोळ्यांत पाहिलं. पाणी होतं. नियमाप्रमाणे त्याग मंजूर झाला.

तेवढ्यात दारातून झुंबरकाकू गरजली, "मंग आमच्या घरानंबी ह्यांची तंबाखू सोडली!"

परतताना दादांनी नवा फेटा उतरवून काखेत मारला. मग म्हणाले, "उद्यापासनं शाळंत जा बाई. घरात बसलीस तर आनखी काय काय सोडशील!"

मंडळानं तातडीनं नियम बदलला. यापुढं ज्यानं त्यानं स्वतःचीच इच्छा सोडावी. त्यानंतर बैठकीला कोणीही आलेलं नाही.

तुमच्याकडं असलं मंडळ नसेलच म्हणा. तरी हे वाचताना शेजारी चहा कुणी आणून ठेवला, ते जरा बघा. तिलाही वाचायची आवड होती. ती तुमच्या घरानं कधी सोडली, ते तिलाच विचारा.