तिसऱ्या खांबाच्या दोन नकाशांचें वर्तमान

श्री. विघ्न दूर राहो, लेखणी खरी चालो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, त्या दिवसाचें हें वर्तमान. ही तारीख हातानें लिहिली आहे, कारण पुढें येईल.

राज्यांत नदीवर पुलाचें काम चाललें होतें. नकाशांचे अधिकारी त्रिंबकजी करंदे, मोठे सचोटीचे, परंतु स्वभाव धास्तीचा. नकाशांत फरक जाहला कीं त्याभोंवती तांबड्या शाईनें ढग काढावा आणि कोपऱ्यांत तारीख घालून सही करावी, ऐसा त्यांचा शिरस्ता. मग कारभारी बोलिले, "हातानें उशीर होतो," आणि संगणकांत ऐसी तजवीज करविली कीं ढग त्रिंबकजींनींच काढावा, तारीख मात्र आपोआप पडावी, आणि ज्या नकाशाची तारीख ताजी तोच कामावर आपोआप रवाना व्हावा. सर्वांस संतोष जाहला. त्रिंबकजींस झोंप येईना.

तिसऱ्या खांबाचे नकाशे दोन. जुना सोळा लोखंडी गजांचा, आणि पुराचा जोर पाहून सुधारिलेला चोवीस गजांचा. पंचमीस सकाळीं त्रिंबकजींच्या मनानें घेतलें कीं यंत्रानें जुन्यास हात तर लाविला नाहीं ना, आणि म्हणोन त्यांनीं जुना नकाशा फक्त पाहावयास उघडिला, तों कोपऱ्यांत आजची तारीख! उघडणें हेंच यंत्रास फरक वाटलें, आणि नकाशा कामावर गेलाही. मग घाबरून नवा उघडिला, तर त्यावरही आजचीच तारीख; दोन्ही बरोबरीच्या, म्हणोन यंत्र तो रवाना करीना. मग तो छापून घेऊन धांवत सुटले. आम्ही त्यांचे कारकून, मागें. दुपारीं काँक्रीट पडावयाचें होतें, आणि तें पडल्यावर आंतलें कोण पाहतो, या विचारानें आम्हींही धांव वाढविली.

खड्ड्यापाशीं राणोजी पडवळ मुकादम उभे, काँक्रीटची गाडी घरघरत होती. त्रिंबकजी ओरडले, "थांबवा! गज कमी आहेत!"

राणोजी बोलिले, "साहेब, हा नकाशा आजचा, तुमच्या हातांतला बी आजचाच. म्या कुणाचं ऐकू?"

त्रिंबकजी खड्ड्यांत उतरले आणि गजांमध्यें उभे राहून बोलिले, "आतां ओता माझ्यावर."

राणोजींनीं दोन्ही नकाशे चिखलांत पसरिले, आणि दोन्हींवरून बोट फिरवून म्हणाले, "ह्याच्यावर तुमचा तांबडा ढग हाय. त्याच्यावर न्हाई. गाडी मागं घ्या रं!" मग आठ गज वाढविले, आणि सांजेस काँक्रीट पडलें.

कारभारी पुसते जाहले, चूक कोणाची? त्रिंबकजी बोलिले, "माझी. भीतीपोटीं मींच उघडिला." कारभाऱ्यांनीं यंत्र दुरुस्त करविलें, आतां नकाशा रवाना करावा तेव्हांच तारीख पडते.

एकूण मजकूर इतकाच. पूल उभा आहे, लोक जातात येतात. काँक्रीट ओतण्यापूर्वीं गज त्रिंबकजींनीं तीन वेळां मोजिले, आम्हीही मोजिले, चोवीसच होते. तरी तिसऱ्या खांबावर आलों कीं आम्ही दोघे पाय भराभर उचलतों.