सहाशे एकोणिसावं बीळ

साल चौऱ्याऐंशी की पंच्याऐंशी, हे डॉ. अच्युत कुबलांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही; पण प्रवाळातली बिळं माशांना अर्ज मागवून वाटून द्यायची, असा हुकूम निघाला तो त्याच सुमाराला. हुकूम त्यांच्याच प्रबंधावरून निघाला होता. अंडी लाखांनी फुटोत, पिल्लं कितीही येवोत, खडकावर बिळं जेवढी तेवढेच मासे उरतात, असं त्यांनी पाचशे पानांत सिद्ध केलं होतं. वरिष्ठांनी शेवटचं पान वाचलं आणि त्याचा नियम केला.

कचेरी जेटीच्या टोकाला होती. अर्जदारांसाठी खिडकीत पाण्याने भरलेली परात असे. कारकून खोबरेकरबाई नाव टिपून घेत, डॉक्टर शिक्का मारत. ज्याला बीळ मिळालं नाही त्याने सूर्यास्ताच्या आत खडकाची हद्द सोडायची. हद्दीपलीकडे लहान मासे गिळणारे गोबरे असत. त्यांना कुठलाही अर्ज करावा लागत नसे.

बिळं डॉक्टरांनी स्वतः मोजली होती. अमावास्येच्या ओहोटीला, मांडीभर पाण्यात, काचेच्या तळाचा डबा पाण्यावर धरून, तीनदा. पहिल्यांदा सहाशे चाळीस भरली, मग सहाशे एकतीस, मग सहाशे अठरा. आपल्या नजरेवर त्यांचा कधीच विश्वास नव्हता. चूक व्हायचीच तर कमीच्या बाजूला व्हावी, म्हणून त्यांनी सहाशे अठरा लिहिली.

तेवढी वाटून संपली, त्याच्या दुसऱ्या दिवशी परातीत एक बोटभर निळी मासोळी आली. अर्जावर नाव होतं शेवंती.

“उशीर केलंस गो बाये,” खोबरेकरबाई म्हणाल्या. “काल येतंस तर गावला असता.”

“काल मी लाटेबरोबर व्हावत होतंय, बाई. माका काय पाय आसत?”

“बिळं संपली,” डॉक्टर म्हणाले.

“संपली कशी, सायबानू? त्या गोल प्रवाळाच्या खाली, उगवतीक, एक रिकामा आसा. चार बोटां रुंद. मी आताच थंयसून इलंय.”

डॉक्टरांनी यादी वरून खाली वाचली, मग खालून वर. “यादीत नाही.”

“यादीत नाय, पण खडकात आसा मां?”

बाई हसल्या. “जावन बघा नि काय, सायबानू. पाच मिनटांचा काम.”

भरती चढत होती. खडक दोन पुरुष पाण्याखाली होता आणि डॉक्टर पोहायला कधी शिकले नव्हते.

“आज अष्टमी,” ते म्हणाले. “अमावास्येच्या ओहोटीला पाहणी करू. सात दिवस.”

“आणि तवसर मी खंय रवू?”

याचं उत्तर प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात, कोष्टकासह होतं. बिळाबाहेरचा लहान मासा सूर्यास्तानंतर तासभर टिकत नाही. डॉक्टरांनी मंजुरीचा शिक्का उचलला. मग त्यांना वाटलं, हे बीळ आधीच कुणाला दिलेलं असलं तर? एका बिळात दोन म्हणजे दोघेही जाणार. त्यांनी तो खाली ठेवला, दुसरा उचलला. ‘जागा नाही.’ शाई नीट उमटली की नाही याची शंका आली म्हणून पुन्हा मारला.

शेवंतीने दोन्ही शिक्के वाचले. “बरां. पण अमावास्येक बघा हां, सायबानू. माझ्यासाठी नाय. मागसून कोण येतला, तेच्यासाठी.”

तिने उडी मारली. बाईंनी परातीतलं पाणी बदललं.

अमावास्येला डॉक्टर निघाले आणि घोट्याएवढ्या पाण्यातून परत फिरले. चष्मा विसरलो, असं त्यांनी बाईंना सांगितलं. चष्मा त्यांच्या नाकावर होता.

निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी एका मोठ्या ओहोटीला ते खोबरेकरबाईंच्या खांद्यावर हात ठेवून खडकापर्यंत गेले. यादीतली बहुतेक बिळं होड्यांच्या नांगरांनी फोडली होती. गोल प्रवाळ पांढरं पडलं होतं, पण उभं होतं. त्याच्या खाली, उगवतीच्या बाजूला, एक बीळ होतं. आत कुणी कधी राहिल्याची खूण नव्हती. डॉक्टरांनी वाकून हात घातला आणि तीनदा मोजलं. तिन्ही वेळा चार बोटंच भरली.