महिपत भाईंदरात जिवंत आहे

शशिकांत मोहित्यांनी रिमोट सोफ्यावर आपटला आणि ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले, की समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या.

"मारला हो! मेल्यांनी महिपतला मारला!"

"अरे बापरे! शशीभाय, कोण मेला? तुमच्या गावचा होता?"

"वज्रडोहचा होता."

"ते किधर आला? विरारच्या पुढे?"

"हंसाबेन, काही नाही हो," स्वयंपाकघरातून मृणालिनीबाईंचा आवाज आला. "सिरीज बघतायत." पण कोथिंबीर निवडणारा त्यांचा हात मात्र थांबला होता.

आता ज्यांना 'वज्रडोह' ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. ही सात जाडजूड खंडांची कादंबरीमाला. तिच्यात उडते सर्प आहेत, बोलणारी झाडं आहेत, भावावर रुसलेली राणी आहे आणि उत्तर दरवाज्यावर पहारा देणारा महिपत नावाचा म्हातारा आहे. इतकी वर्षं हे सगळं वाचणाऱ्यांच्या डोक्यात सुखाने नांदत होतं. मग कुणीतरी त्यावर मोठी सिरीज काढली आणि तिच्या सहाव्या भागात महिपतने दरवाजा उघडला, ज्वालासर्पाच्या उजेडाने त्याचे डोळे गेले आणि म्हातारा तिथल्या तिथे आटोपला.

"पुस्तकात तो जगतो!" मोहिते गरजले. "मूळ लिहिलेलं बदलायचा अधिकार ह्यांना दिला कोणी?"

मोहित्यांचा जीव असा तुटायला कारण होतं. आठ वर्षांपूर्वी, गोदीतली नोकरी चालू असताना, त्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा आधीच अधू. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, एकवीस दिवस पालथं झोपायचं, मान वर करायची नाही, मग बघू. ते 'मग बघू' ऐकून धट्टाकट्टा माणूस खचला. जेवेना, बोलेना. तेव्हा मृणालिनीबाईंनी भाईंदर पश्चिमेच्या आपल्या वाचनालयातून 'वज्रडोह' आणलं, पलंगाशी पाट मांडला आणि वाचायला सुरुवात केली. एकवीस दिवस पालथे आणि पुढे दोन महिने काळा चष्मा, एवढ्यात सातही खंड झाले. डोळा वाचला. नंतर मोहित्यांनी ती पुस्तकं स्वतः कधी उघडली नाहीत. "आता काय वाचायचं? पाठ आहे मला," असं ते म्हणत, आणि खरंच त्यांना पाठ होतं.

त्यातही महिपत म्हणजे त्यांचं दैवत. "लेखकाला काय कळत होतं बघा," ते ज्याला त्याला सांगत. "तो महिपतसुद्धा एकवीस दिवस गुहेत पालथा झोपतो आणि त्याचे डोळे परत येतात! मी इथे पालथा, तो तिथे पालथा!" बरा झाल्यावर महिपत रोज पहाटे उठून बायकोला गवती चहा करून देई. म्हणून मोहितेही आठ वर्षं रोज सकाळी मृणालिनीबाईंना चहा करून देत होते. एक दिवस चुकला नाही.

त्याच दुपारी सोसायटीच्या 'गुलमोहर – फक्त महत्त्वाचे' या ग्रुपवर मोहित्यांनी निषेध टाकला. तिसऱ्या मजल्यावरच्या यतीनने लगेच उत्तर दिलं, "काका, सिरीज एक नंबर आहे. बुकमधलं फालतू कट करावंच लागतं."

"फालतू? महिपत कुळथाचं पिठलं खाऊन रडतो, तो प्रसंग फालतू?"

"ड्रॅगनच्या राज्यात कुळथाचं पिठलं? काका, काहीही काय!"

"का? तिथे कुळीथ पिकत नाही असं कुठे लिहिलंय?"

झालं! पुस्तकवाले आणि पडदेवाले असे दोन तट पडले. पुस्तकवाल्यांपैकी सात खंड वाचलेलं कोणीच नव्हतं, त्यांना मोहित्यांच्या तोंडून ऐकलेलं पुरे होतं. ज्यांनी दोन्हीपैकी काही बघितलं नव्हतं, ते सगळ्यात जोरात भांडू लागले. टँकर चार वाजता येणार हा सेक्रेटरींचा निरोप त्या पुरात वाहून गेला आणि अर्धी इमारत बादल्या न भरता बसली. संध्याकाळपर्यंत भांडण ग्रुपवरून जिन्यात आलं.

मोहिते काही मागे हटणारे नव्हेत. ते वाचनालयाच्या कमिटीवर होते. 'पुस्तकात पेनाने, पेन्सिलीने वा नखाने खुणा करणारा हा वाचक नसून वाळवी आहे' ही तिथल्या भिंतीवरची पाटी त्यांच्याच हातची. त्यांनी ठराव लिहिला: 'मूळ ग्रंथात स्वतःच्या मर्जीने फेरफार करणाऱ्या व्यक्तीचा ही सभा तीव्र निषेध करते.' चार दिवसांत त्रेसष्ट सह्या झाल्या. हंसाबेननी तर गुजरातीत सही केली आणि वर म्हणाल्या, "म्हातारा माणूसला मारायचा नाय, बस." फक्त घरातली सही राहिली होती. मोहिते कागद घेऊन गेले की मृणालिनीबाई म्हणत, "मागाहून करते हो, हाताला पीठ आहे." चार दिवस त्यांच्या हाताला पीठच होतं.

पुढे हंसाबेननीच शोध लावला, की त्या सिरीजच्या लेखकांपैकी एक मुलगी नवघरला राहते. राजश्री तिचं नाव. तिला फोन गेला आणि ती बिचारी रविवारी यायला कबूल झाली. आता भांडणाची सभाच झाली. यतीनने जिन्यात सर्वांदेखत विचारलं, "आणि काका, पुस्तकात नसलं तर?"

मोहित्यांना चेव आला. "महिपत पुस्तकात जिवंत नसेल, तर वाचनालयाच्या कमिटीचा राजीनामा देतो आणि उभ्या जन्मात पुस्तकाबद्दल अवाक्षर काढणार नाही! बस?"

मागे उभ्या असलेल्या मृणालिनीबाईंनी कठडा धरला. पुस्तकांवर बोलणं हा ह्या माणसाचा श्वास आहे, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

शनिवारी मोहिते चौथा खंड आणायला वाचनालयात गेले. ग्रंथपाल हरिश्चंद्र रजिस्टर बघून म्हणाले, "खंड वहिनींच्याच नावावर आहे की. पंधरा दिवस झाले."

"आमच्या हिच्या?"

"सिरीज सुरू झाली त्याच दिवशी घेऊन गेल्या."

मोहिते घरी आले, कपाट शोधलं, माळा शोधला आणि शेवटी तांदळाच्या डब्यात हात घातला. खंड तिथे सापडला. दुसरा कोणी असता तर त्याला संशय आला असता. पण मोहित्यांचे डोळेच भरून आले.

"मृणाल! मला पुरावा लागणार, हे तुला आधीच कळलं होतं? कोणी पळवू नये म्हणून तांदळात ठेवलास?"

"अहो, जरा बसा. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. त्या पुस्तकात ना..."

"नको! काही सांगू नकोस. आता सभेतच उघडणार!" आणि सत्यनारायणाच्या चौरंगाचं लाल कापड काढून त्यांनी त्यात खंड बांधला, वर गाठ मारली. मृणालिनीबाईंनी रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा घातलं. मोहित्यांना त्याचाही पत्ता लागला नाही.

रविवारी पाचला सोसायटीचा हॉल गच्च भरला. राजश्री साधी, शांत मुलगी. ती आधीच म्हणाली, "काका, मी पुस्तक तीन वेळा वाचलंय. त्यात महिपत..."

"थांबा बाई!" मोहित्यांनी हात वर केला. "ग्रंथालाच बोलू द्या."

त्यांनी गाठ सोडली, अनुक्रमणिका बघून दोनशे बारावं पान काढलं आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "'महिपतने अडसर ओढला. ज्वालासर्पाचा उजेड त्याच्या डोळ्यांत शिरला. जग विझलं. म्हातारा दरवाज्याच्या पायथ्याशी कोसळला आणि पुन्हा...'"

मोहिते थांबले.

"पुढे काय काका?" यतीनने विचारलं.

छापलेलं पुढे होतं, 'पुन्हा उठला नाही.' पण मोहित्यांची नजर तिथे नव्हतीच. समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं, आणि ते हस्ताक्षर तेच, जे गेली तीस वर्षं ते वाण्याच्या यादीत बघत आले होते. 'हे वाचू नये. महिपत जगतो. एकवीस दिवस पालथा झोपून डोळे बरे होतात. पुढे लक्षात ठेवणे.' त्यांनी पान उलटलं. 'इथे महिपतला कुळथाचं पिठलं द्यावे. आज ह्यांना जेवण गेलं नाही.'

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात मागच्या रांगेतून मृणालिनीबाई उठल्या.

"मी बदललं ते," त्या म्हणाल्या. "निषेध करायचा तर माझा करा. हे पालथे पडलेले. डोळा राहतो की जातो, कोणालाच माहीत नाही. आणि नेमकं त्या दिवशी पुस्तकात म्हाताऱ्याचे डोळे जाऊन तो मरतो. कसं वाचणार हो मी? आदल्या रात्री पान चाळलं होतं म्हणून कळलं तरी. मग ठेवला जिवंत. पण एकदा जिवंत ठेवला म्हटल्यावर सोपं असतं का? पुढचे तीन खंड त्याला जेवूखाऊ घालायचं, कामं द्यायची, मधेमधे बोलतं करायचं. राणी आणि तिचा भाऊ भांडतायत, आणि ह्यांचं आपलं, 'महिपत कुठे आहे गं?' जीव मेटाकुटीला आला माझा!"

आधी हंसाबेन हसल्या, मग सगळा हॉल हसला. हसले नाहीत ते फक्त हरिश्चंद्र. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिल, तीही कमिटी मेंबरच्या घरातून! त्यांनी पुढे येऊन खंड हातात घेतला, चष्मा नाकावर सरकवला आणि ते म्हणाले, "पण वहिनी, हे खालचं निळ्या शाईतलं कोणाचं?"

"कुठलं? मी फक्त पेन्सिलीने लिहिलं होतं. तेव्हा खोडायचं राहून गेलं. आता खोडायलाच आणलं होतं, पण उघडायचा धीर झाला नाही."

हरिश्चंद्रांनी वाचून दाखवलं. मृणालिनीबाईंच्या ओळींखाली निळ्या शाईत होतं, 'बरं केलंत ताई. मी माझ्या वडिलांना दवाखान्यात वाचून दाखवत होते. तुमचंच वाचलं.' त्याच्याखाली हिरव्या शाईत, 'आमच्या मुलीने रडणं थांबवलं. आभार.' मग वेड्यावाकड्या अक्षरात, 'म्हातारा जगला, लय बेस झालं. समाधान, खारीगाव.' आणि अगदी खाली, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात, 'आईने शेवटपर्यंत हेच खरं धरलं. आपण कोण आहात माहीत नाही. देव तुमचं भलं करो.'

राजश्रीने हळूच पुस्तक मागून घेतलं आणि समास दोनदा वाचला.

"या एका सीनवर आम्ही सहा जण तीन महिने भांडलो," ती म्हणाली. "पिठलं कोणालाच सुचलं नाही."

यतीन चांगला मुलगा होता, पण गप्प बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "मग काका, राजीनामा?"

"देतो ना," मोहिते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. आणि पुस्तकाबद्दल एक अक्षर बोलणार नाही. पण बायकोबद्दल बोलायला बंदी नाही ना? त्या एकवीस दिवसांत मला वाटायचं, महिपतचे डोळे आले तर माझेही येतील. दुसरं काही धरायला नव्हतंच हो माझ्याकडे. मृणाल, मी लेखकाचे आठ वर्षं आभार मानतोय. चुकीच्या माणसाचे मानत होतो." त्यांनी खिशातून ठराव काढला, त्रेसष्ट सह्यांसकट त्याची घडी केली आणि परत खिशात ठेवला. "हरिश्चंद्र, पेन्सिल द्या."

"मोहितेसाहेब, पाटी तुमचीच आहे. वाळवी..."

"माहीत आहे. द्या."

समासात बोटभर जागा उरली होती. तिथे मोहित्यांनी जपून लिहिलं, 'पालथा झोपलेला तो मीच. डोळे बरे आहेत. आभारी आहे.'

घरी परतताना जिना चढता चढता मोहिते म्हणाले, "मृणाल, एक विचारू? महिपत रोज पहाटे बायकोला गवती चहा करून देतो, ते तरी खऱ्या पुस्तकातलं ना?"

"हो तर," मृणालिनीबाई पुढे बघत म्हणाल्या. "पाचव्या खंडात आहे."

मोहित्यांनी मान डोलावली. दोन पायऱ्या चढून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की महिपत चौथ्या खंडातच वारलाय. ते तिथेच थांबले आणि त्यांनी वर पाहिलं. मृणालिनीबाई दाराशी पोचून पर्समध्ये किल्ली शोधत होत्या, आणि त्यांचे खांदे हसण्याने हलत होते.

सकाळी मोहिते नेहमीप्रमाणे आधी उठले. गॅलरीतल्या कुंडीतून त्यांनी गवती चहाची दोन पाती तोडली, आलं किसलं आणि आधण ठेवलं.