ढोलवाल्याची कंबर

कॉम्प्युटरची ऑब्जेक्ट-ओरिएंटेड भाषा आमच्या अख्ख्या वर्गात फक्त मलाच कळली होती! कारण उघड होतं. माझे बाबा शिंपी. कागदी साचा म्हणजे क्लास आणि त्यावरून शिवलेली प्रत्येक पँट म्हणजे ऑब्जेक्ट. बाकीची पोरं डोकं खाजवत होती, तेव्हा मी बाबांच्या दुकानासाठी प्रोग्रॅम लिहायला घेतलासुद्धा.

"आता वही बंद! मापं कॉम्प्युटरमध्ये!" मी जाहीर केलं.

बाबांनी गळ्यातली टेप घट्ट धरली. "त्याला इंच कळतात?"

"तुमच्यापेक्षा जास्त!"

त्याच सुमारास बाबांना आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर मिळाली. एका बँडपथकाचे गणवेश! तालमीच्या जागी जाऊन मापं मीच घेतली, मीच टाइप केली आणि मापांच्या चिठ्ठ्या फेकून दिल्या. मध्ये एक एरर फार छळत होती. वर्गातल्या मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, "कंबरेच्या आधी 'स्टॅटिक' लिही. गप्प बसते." लिहिलं. बसली गप्प! इतकी गुणी भाषा मी पाहिली नव्हती.

छापील कागद पाहून बाबांनी चष्मा पुसला. "अरे, सगळ्यांची कंबर सारखीच?"

मी जरा चपापलो. बासरीवाला अगदीच काडीपैलवान होता, हे मलाही आठवत होतं. पण कॉम्प्युटर चुकेल, हे त्या वयात मनातच येत नसे.

"गणवेश आहे ना बाबा! सगळं एकसारखंच हवं. त्यानं विचार करूनच काढलंय माप."

बाबांना पटलं नाही, पण पोरगा शिकतोय म्हटल्यावर त्यांनी कापडाचे थर लावले आणि एका दमात कात्री चालवली. एवढा विश्वास त्यांनी माझ्यावर कधीच टाकला नव्हता. मी नुसता फुगलो होतो.

कार्यक्रमाच्या दिवशी रंगमंचामागच्या खोलीत पथकानं कपडे चढवले. बासरीवाला वळला, पँट वळलीच नाही! ट्रंपेटवाल्याच्या एका हातात ट्रंपेट, दुसऱ्या हातात पँट. एकटा गरगरीत ढोलवाला आरशासमोर खूश होता. त्याचं माप मी सगळ्यात शेवटी टाइप केलं होतं. 'स्टॅटिक' म्हणजे सगळ्यांत मिळून एकच कंबर, तीही शेवटी टाइप केलेली, हा धडा वर्गात अजून यायचा होता!

"आमची अब्रू जाणार!" पथकप्रमुख ओरडले.

"माझी आधी जाईल," बाबा म्हणाले. त्यांनी टाचण्यांचा डबा उघडला. बाबा, आई आणि मी गुडघ्यांवर बसून एकेकाची पँट मागून आवळली. पथकानं सगळा कार्यक्रम उभ्यानं वाजवला. बसणार कसे, टाचण्या टोचायच्या ना! लोकांना वाटलं, काय ही शिस्त!

घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "वही आण."

नंतर सगळ्या पँटी त्यांनी उसवून नीट केल्या. बासरीवाल्याला मात्र नवीच शिवून दिली आणि त्याची जुनी ट्रंकेत ठेवली. आता इतक्या वर्षांनी दुकान बंद आहे आणि मी दिवसभर खुर्चीत बसून प्रोग्रॅम लिहितो. गेल्या आठवड्यात ट्रंक उघडली, तर पँट वरच होती. त्या टाचण्यांच्या दिवसाची मला फार आठवण आली.

"घालून बघ," बाबा म्हणाले.

घातली. बटण अलगद लागलं. कुठे सैल नाही, कुठे घट्ट नाही.

बाबांनी खुंटीवरची टेप काढली, माझ्या कंबरेभोवती फिरवली आणि समाधानानं मान डोलावली. "तुझा प्रोग्रॅम बरोबरच होता रे. गिऱ्हाईक उशिरा आलं!"