ऑपरेटरबाईंची लाल दोरी

तपासनीस अकराला येणार होते आणि ऑपरेटरबाईंच्या पलंगाशेजारची लाल दोरी वेडीवाकडी लोंबत होती. एवढंच निमित्त झालं.

इमारत वयस्क मंडळींसाठी बांधलेली. भाडं पेन्शनीत मावणारं, सकाळी नर्सची फेरी, दुपारी जेवणाची गाडी, आणि प्रत्येक खोलीत पलंगाशी एक लाल दोरी. ओढली की तळमजल्यावरच्या कचेरीत दिवा लागे आणि भिंतीवरच्या जाळीतून व्यवस्थापक विचारत, "बोला, काय मदत हवी?" अट एकच, माणसाचं डोकं ठिकाणावर हवं. ते आहे की नाही हे बघायला वर्षातून एकदा तपासनीस येत.

बाईंच्या मुलाने परगावी त्यांच्यासाठी एक खोली रंगवून तयारच ठेवली होती. तपासनीस 'नाही' म्हणाले की आई त्या खोलीत, असं त्याने कचेरीलाही कळवलं होतं. खोली चांगली होती हो, पण इथे वरच्या मजल्यावर सख्खी नणंद होती, जन्मभर भांडून मुरलेली. असं माणूस परगावी कुठून मिळायचं?

बाईंनी हयात टेलिफोन एक्सचेंजात काढलेली. कानाला हेडफोन, समोर भोकांचा फळा, हातात दोऱ्या. एक टोक इकडे खुपसायचं, दुसरं तिकडे, की दोन घरं एकमेकांशी बोलू लागत. तिथला पहिला धडा म्हणजे दोरी लोंबती ठेवायची नाही. म्हणून पाहुणा यायच्या आत बाईंनी ती लाल दोरी छान गुंडाळली, उंच गाठ मारली आणि गाठ पक्की बसावी म्हणून एक हिसडा दिला.

खर्र! "बोला, काय मदत हवी?"

खरखर आणि पलीकडे माणूस! बाईंच्या तोंडून गेलंच, "नंबर प्लीज?"

"अं? आजी, मी व्यवस्थापक बोलतोय. काय होतंय तुम्हाला?"

"थांबा, जोडून देते," बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी जीभ चावली.

खाली व्यवस्थापकांच्या समोर नेमके तपासनीसच टेकले होते, वेळेच्या आधी आलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "कालपर्यंत बऱ्या होत्या हो!" असं म्हणत व्यवस्थापक जिन्याकडे धावले. मागून तपासनीस. आणि बाई, आता जाऊन खुलासा करावा म्हणून, लिफ्टने खाली उतरल्या.

व्यवस्थापकांना पळताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ज्याने पाहिलं त्याने खोलीत जाऊन आपली दोरी ओढली. बाई कचेरीत पोचल्या तेव्हा माणूस एक नाही आणि टेबलावरचा फळा दिव्यांनी लखलखलेला. पेटलेला दिवा नुसता बघत बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा सरसावला.

"नंबर प्लीज."

"कोण? वहिनी? तू तिथे काय करतेयस?" ती नणंद होती.

"ड्यूटी. लवकर बोला वन्सं, लाइनी तुंबल्यात."

"अगं, ते दोघं तुझ्या खोलीकडे पळाले! म्हटलं, गेली माझी वहिनी."

"तुम्हाला न सांगता बरी जाईन!"

शेजारचा दिवा इमारतीतच राहणाऱ्या घड्याळजींचा. त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ मागे पडतं असं नणंद चारचौघांत बोलली होती, तेव्हापासून दोघांत अबोला. "व्यवस्थापक," घड्याळजी घाबऱ्या आवाजात म्हणाले, "वरच्या घड्याळवाल्या बाई बऱ्या आहेत ना?"

"त्यांनाच विचारा," म्हणून बाईंनी दोन्ही बटणं एकदम दाबली. बोटांनी आपोआप शोधली ती.

"बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तुम्ही घाबरलात की काय?"

"छे!... जरासा."

मग नणंद म्हणाली, "ते घड्याळ आता वेळ बरोबर दाखवतं."

"मग झालं तर."

"झालं कसं? येऊन बघा तरी एकदा... वहिनी, तू ऐकतेयस का?"

"नाही," बाई तत्परतेने म्हणाल्या.

कीर्तनात पूर्वरंगाला श्रोते जागेवरून भांडतात आणि आख्यान रंगलं की शेजाऱ्याचा गुडघाही गोड मानून घेतात. तशी त्या इमारतीची गत झाली. बाई जोडत गेल्या आणि जो तो आपल्या भिंतीतल्या जाळीतून शेजाऱ्याशी बोलत बसला.

वर मात्र हाहाकार. खोली रिकामी! व्यवस्थापकांनी पलंगाखाली पाहिलं, कपाटात पाहिलं. "हरवल्या! त्यांच्या मुलाला काय सांगू?" घाबरलेल्या माणसाला दोरीच सुचते. कचेरीत कुणी नाही हेही विसरून, स्टुलावर चढून, त्यांनी ती उंचावरची गाठ ओढली.

खर्र. "नंबर प्लीज."

व्यवस्थापक स्टुलावरच बसले. "आजी! कुठे आहात?"

"तुमच्या खुर्चीत. तुम्ही?"

"तुमच्या खोलीत!"

"मग थांबा जरा, फळा रिकामा झाला की येते. आणि पलंगावर बसू नका, चादर आताच घातलीय."

तपासनीस पुढे झाले. "बाई, आज वार कोणता, सांगाल?"

"बुधवार. आणि जाळीजवळ येऊन बोला, आवाज लांबून येतोय."

तपासनीस घुटमळले. मग त्यांनी व्यवस्थापकांना पाणी आणायला पाठवलं आणि जाळीजवळ तोंड नेलं. "बाई, एक नंबर लावून द्याल? दोन-एक-सात. होस्टेलवरून लावायचो. आई उचलायची."

तीन आकडी नंबर जाऊन जमाना झाला होता. ते एक्सचेंजही आता उरलं नव्हतं, आणि असा नंबर मागणाऱ्याची आई कुठे असणार, हेही बाईंना न सांगता कळलं. त्या हळूच म्हणाल्या, "थांबा, जोडून देते."

दोन्हीकडे खरखर. जुन्या लाइनीवर यायची तशीच, कुठेतरी दूर पाऊस पडत असल्यासारखी.

"लाइन बिझी आहे. थांबता का?"

"थांबतो," तपासनीस म्हणाले.

बऱ्याच वेळाने ते खाली आले तेव्हा चष्मा पुसत होते. "मुलाला कळवा," ते व्यवस्थापकांना म्हणाले, "त्या रंगवलेल्या खोलीत दुसरं काहीतरी ठेव म्हणावं. बाई इथेच राहतील. फक्त ती गाठ सोडायला सांगा. नियम आहे."

"लोंबती दोरी?" बाई कळवळल्या. पण सोडते म्हणाल्या.

ते गेल्यावर बाई फळा आवरायला वळल्या. सगळे दिवे विझले होते, एक सोडून. नणंदेचं बटण मघापासून दाबलेलंच राहिलं होतं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत अशी चूक कधी झाली नव्हती.

"वन्सं," बाईंनी विचारलं, "तुम्ही सगळं ऐकत होतात?"

"नाही," नणंद तत्परतेने म्हणाली, आणि तिने जोरात नाक ओढलं.